नवी बंदूक की जुनी?

रानडुकरांनी भुईमूग उकरला, मका आडवा केला की शेतकरी बंदुकीचा भाव काढायला निघतो. आम्ही सांगतो, रायफलच्या नादी लागू नका. तिची चुकलेली गोळी किलोमीटरभर पल्याड जाते आणि शिवारात माणसे असतात. राखणीला बारा बोअरची एकनळी पुरते.

नव्या बंदुकीसाठी सावकाराचे दार गाठू नका. नीट राखलेली जुनी बंदूक वर्षानुवर्षे चालते. मात्र काटकसर किमतीत करा, तपासणीत नको. नळीला आतून गंजाचे खड्डे किंवा बाहेरून फुगवटा असेल तर फुकटातही घेऊ नका. काही जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवलेल्या असतात. त्यात ७० मिलिमीटरचे घातले तर दाब वाढून नळी फुटू शकते. म्हणून आधी जाणत्या कारागिराला दाखवा. विकणाऱ्या परवानाधारकाने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे असते. त्याआधी ताबा घेऊ नका.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती वेगळी घ्यावी लागते. पीक आमचे, बंदुकीचा खर्च आमचा, संरक्षण मात्र डुकराला! मग राखणीचा खर्च सरकारने का उचलू नये? जिल्हा बैठकीत हे विचारलेच पाहिजे.