दुष्काळ सोसला म्हणून खेळ खरा होत नाही

मागच्या दिवाळीत डोंगरकड्याला घरी होतो. जेवणं झाल्यावर गच्चीवर मोबाईलवर टेट्रिस खेळत बसलो होतो. चुलतभाऊ मागून डोकावला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. म्हणाला, “हे काय खेळायलास? ठोकळा कुठं पडणार ते आधीच दिसायलंय, नको असला तर बाजूला ठेवायलास. ह्याला टेट्रिस म्हणतात का? तुम्हा पोरांना सगळं आयतं पाहिजे.”

दादाचा टेट्रिस म्हणजे जत्रेत घेतलेला, पेन्सिल सेलवर चालणारा, वर ‘९९९९ इन १’ छापलेला ब्रिक गेम. त्याच्या मते तोच खरा. हे मत एकट्या दादाचं नाही. जुन्या गेमवर प्रेम करणारे जगभर हेच म्हणतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी फरक काय ते बघू. अलेक्सी पाजितनोव्हनं १९८४ मध्ये मॉस्कोत हा खेळ बनवला. सात आकार, आडवी ओळ भरली की गायब, एवढंच. पण १९८९ ची निन्टेन्डोची टीव्हीवरची आवृत्ती आणि आजची मोबाईलवरची आवृत्ती हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. जुन्यात पुढचा एकच ठोकळा दिसतो. ठोकळा बाजूला ठेवायची सोय नाही. खाली पडणाऱ्या ठोकळ्याची सावली नाही. भिंतीला चिकटलेला ठोकळा बऱ्याचदा फिरत नाही, कारण नव्या आवृत्त्यांसारखा तो थोडा सरकून जागा करून घेत नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो आहे वाटपाचा. जुनी आवृत्ती प्रत्येक वेळी नव्यानं चिठ्ठी काढते. मागचाच आकार पुन्हा आला तर एकदाच परत काढते, बाकी काही लक्षात ठेवत नाही. त्यामुळे चार ओळी एकदम उडवणारी लांब काठी तीस-तीस ठोकळे येतच नाही, असंही घडतं. इंग्रजी खेळाडू या अवस्थेला चक्क ‘दुष्काळ’ म्हणतात. २००१ च्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’पासून पुढच्या अधिकृत आवृत्त्यांत सात आकारांची एक पिशवी असते. सातही वाटून झाल्याशिवाय नवी पिशवी उघडत नाही. दोन काठ्यांच्या मधे जास्तीत जास्त बारा ठोकळे येतात. तेरावा येऊच शकत नाही.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बघ, म्हंजे सोपंच केलं की.”

इथंच माझं भांडण आहे. आमच्याकडे ईसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी पाळीनं येतं. पाळी ठरली म्हणून केळी आपोआप पिकते का? पाणी कधी येणार हे कळल्यावर शेतकऱ्याचं खरं काम सुरू होतं. पिशवीचंही तसंच. काठी येणार हे नक्की असलं की ‘नशीब खराब होतं’ हे कारण सांगता येत नाही. दोघं समोरासमोर खेळतात तेव्हा चूक ज्याची त्याची असते. समान वाटपानं खेळ लेचापेचा होत नाही. हरलेल्याला लपायला जागा उरत नाही, एवढंच होतं.

जुन्या खेळाला मी कमी लेखत नाही. त्यात २९ वी पातळी आली की ठोकळा डोळ्याची पापणी लवायच्या आत तळाशी जातो. वर्षानुवर्षं ती भिंत मानली गेली. मग खेळाडूंनी कंट्रोलरच्या मागच्या बाजूवर तबल्यासारखी बोटं वाजवून बटण दाबायची पद्धत शोधली. २१ डिसेंबर २०२३ रोजी विलिस गिब्सन हा अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीवर पोहोचला आणि गेमच गोठला. चौतीस वर्षं जुन्या खेळाला एका पोरानं हरवलं. पण तो पोहोचला कसा? आधीच्या खेळाडूंनी शोधलेली पद्धत सगळ्यांना उघड शिकवली होती. दादाच्या भाषेत, त्याला ती ‘आयती’ मिळाली होती.

मग नव्यात खोट नाहीच का? आहे. ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये ठोकळा फिरवत राहिलं की तो खाली टेकूनही पक्का होत नसे. कितीही वेळ फिरवा. पुढे त्यावर हालचालींची मर्यादा आली, ते बरं झालं. २०११ च्या एका मोबाईल आवृत्तीत तर गेमच जागा सुचवायचा, आपण फक्त बोट टेकवायचं. दादा यावर चिडला असता तर मी त्याच्या बाजूनं बोललो असतो. सगळ्यांना समान ठोकळे देणं ही एक मदत. ठोकळा कुठं ठेवायचा हे आपल्या ऐवजी ठरवणं ही दुसरी. पहिलीनं डोकं चालतं, दुसरीनं बंद पडतं. दादा या दोन्हींना एकाच शब्दात गुंडाळतो.

आणि हे फक्त गेमपुरतं नाही. दादानं तीनदा पोलीस भरती दिली. तेव्हा नांदेडला क्लास लावायला घरात पैसे नव्हते, गावात धड पुस्तकं मिळत नव्हती. त्याची लांब काठी आलीच नाही. आज माझी धाकटी बहीण मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ बघून, वहीत टिपणं काढून रात्री बारापर्यंत अभ्यास करते. तिलाही तो हेच म्हणतो, “तुम्हाला सगळं आयतं.” ती काही बोलत नाही, वही मिटते आणि आत जाते. मला राग त्याचा येतो.

दादा, तुझा दुष्काळ खरा होता. तू कमी पडला नव्हतास, वाटप वाईट होतं. पण मग त्या वाटपावर चिड ना. ते तिच्यासाठी जरा सुधारलं, तर तिच्यावर का चिडतोस? पिशवीतून सातही आकार निघाले तरी ते रचायचे तिलाच आहेत.