फुकटचा स्वेटर

दिवाळीत कुणी फराळाला नावं ठेवली तर माझी हरकत नसते. चिवड्यात मीठ जास्त झालं असेल तर खुशाल म्हणावं. पण हातानं विणलेला स्वेटर भेट मिळाल्यावर तो उलटापालटा करून जो गृहस्थ म्हणतो, "वा! घरीच विणलाय? म्हणजे फुकटातच की!" त्या गृहस्थाशी माझं उभं वैर आहे. हा 'फुकट' मी आजवर मेहुण्यांकडून, साडूंकडून, साडूंच्या व्याह्यांकडून आणि एका आत्याकडून ऐकला आहे. आत्याला मी माफ केलं. तिनं स्वतः जन्मभर सगळं फुकटच केलं.

आमच्या नाशकात दिवाळीला स्वेटर देण्यात शहाणपण आहे. भाऊबीज उरकते न उरकते तोच गंगेवरचा वारा अंगाला झोंबू लागतो. पुढे निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या येतात, द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात. ज्या जिल्ह्यात द्राक्षाच्या घडाला थंडी वाजू नये म्हणून माणसं जागतात, तिथं मेहुण्याच्या छातीचा विचार कुणी केला तर काय बिघडलं? म्हणून गणपती उठले की आमच्या घरात लोकरीचे गुंडे निघतात. भाच्याला कानटोपी, सासऱ्यांना मफलर आणि मेहुण्यांना पुऱ्या बाह्यांचा स्वेटर.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, आणि त्यातून बँकेतला कारकून. 'फुकट' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. तेव्हा मंडळी, हिशेब मांडूया. पाठीला 110 टाके आणि 160 ओळी, म्हणजे 17,600 टाके. पुढचा भाग तेवढाच धरू. बाही वर रुंद, खाली अरुंद. सरासरी 60 टाके, 130 ओळी, म्हणजे दोन बाह्यांचे 15,600. एकूण 50,800 टाके. गळ्याची पट्टी मी सूट म्हणून सोडून दिली. मिनिटाला 20 टाके या वेगानं 42 तास झाले. तासाला अवघे 50 रुपये लावले तरी मजुरी 2,100. त्यात लोकरीचे 500 मिळवा. 2,600 रुपयांची वस्तू अंगात घालून हा गृहस्थ फुकट म्हणतो!

शिवाय उसवलेल्या ओळी यात नाहीत. बँकेत चुकीची नोंद रद्द केली तरी ती रद्द केल्याची नोंद राहते. इथं नव्वदाव्या ओळीत सुलटाऐवजी उलट टाका पडलेला दिसला की वीस ओळी उसवायच्या, आणि त्याचा पुरावा म्हणून काय उरतं, तर कुरळी झालेली लोकर.

यावर दुसरा पक्ष उठतो. "अहो, शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये यापेक्षा हलका आणि झकास स्वेटर मिळतो." मिळतो ना! मापातही जास्त चांगला बसतो, हेही मान्य. पण तो विकणाऱ्याला पैसे मोजताना "तुमचं काय, फुकटच आलं असेल" असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. लुधियानाच्या यंत्राच्या विजेचं बिल आपण मुकाट्यानं भरतो, आणि घरातल्या दोन हातांचं बिल आलं की "घरच्या घरी कसला हिशेब?"

तिसरा पक्ष सगळ्यात गोड बोलतो. "बायकांचा तेवढाच रिकामा वेळ जातो हो." कुठला रिकामा वेळ? सरकारनं 2024 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. ही 88 मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. जे करत नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत. म्हणजे हे विणकाम होतं ते कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, दवाखान्याच्या बाकावर आणि वीज गेल्यावर दाराशी उजेडाला बसून.

गंमत अशी, की राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत घरच्यासाठी घरी विणलेला कपडा उत्पादन म्हणून धरतात. घरची पोळी मात्र धरत नाहीत. म्हणजे अख्ख्या घरकामात निदान स्वेटरला तरी कागदावर जागा आहे, तीही आमच्या मेहुण्यांना मान्य नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानंही एका मोटार अपघाताच्या खटल्यात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायलाच हवं, असं ठासून सांगितलं. उत्तमच झालं. पण हा हिशेब बाई अपघातात गेल्यावर मांडायचा. ती जिवंत असून समोर बसून टाके मोजत असते, तेव्हा कुणी मांडायचा?

"पण यात मायेची ऊब असते," असं म्हणून या सगळ्यावर शाल पांघरणारेही आहेत. ऊब लोकरीची असते हो. माया असते त्या 42 तासांत. तास मोजायचे नसले की लोक मायेचं नाव घेतात, असा माझा अनुभव आहे. भाऊबीजेला भावानं ताटात टाकलेले 501 रुपये साऱ्या घराला दिसतात; बहिणीनं घातलेले 50,800 टाके कुणाला दिसत नाहीत.

कुणी मजुरी द्या असं मी म्हणत नाही. घरात पावतीपुस्तक आलं तर पहिली थकबाकी माझ्याच नावावर निघेल. मागणी एवढीच की स्वेटर मिळाला तर थंडीभर घाला, चारचौघांत कुणी विणला ते सांगा, आणि त्याला फुकट म्हणू नका. ज्यांना म्हणायचंच असेल त्यांनी आधी सुया हातात घेऊन एक पायमोजा विणून दाखवावा. दुसऱ्या पायाचा मी मागणार नाही.