कलर विडो नको, काळीच द्या

घरच्या टाकीसाठी सगळ्यात चांगला टेट्रा कोणता, असं कुणी विचारलं की मी ‘काळी विडो’ म्हणतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला निऑन ऐकायचं असतं, नाहीतर कार्डिनल. हल्ली तर लोक आधीच ठरवून येतात. मोबाइल पुढे करून रील दाखवतात. निळ्या लाइटखाली गुलाबी, पोपटी, जांभळे, केशरी मासे फिरतायत, खाली गाणं लावलंय. "हे कोणते, सांग ना. हेच हवेत."

हे विडोच आहेत. मी जी सांगितली तीच. फक्त त्यातल्या काही रंगवलेल्या आहेत आणि काहींची जनुकं बदललेली आहेत. दुकानात दोन्हींना सरसकट ‘कलर विडो’ म्हणतात. माझं भांडण या मालाशी आहे. तो बनवणाऱ्यांशी आहे, विकणाऱ्यांशी आहे, आणि ‘किती क्यूट’ म्हणून पिशवी भरून नेणाऱ्यांशीही आहे, कारण त्यांच्यावाचून बाकीच्या दोघांचं दुकान चालणार नाही.

आधी मूळ मासा बघू. शास्त्रीय नाव जिम्नोकोरिम्बस टर्नेट्झी, 1895 साली बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने नोंदवलेला. राहणार दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे नदीच्या खोऱ्यात, पांतानालच्या पाणथळ भागात. पाच-सहा सेंटिमीटर लांब, चपटा, उंच अंगाचा. पुढचा भाग चांदीसारखा, त्यावर दोन काळे उभे पट्टे, आणि मागचा अर्धा भाग पोटाखालच्या रुंद परासकट काळा. शाईत बुडवून काढल्यासारखा. या परामुळे इंग्रजीत त्याला ‘ब्लॅक स्कर्ट’ म्हणतात, आणि काळे कपडे म्हणून ‘विडो’. वय वाढलं की काळा करडा होत जातो. अंगाने काटक, आपल्याकडचं जरा जड पाणीही सोसणारी, खाण्याचे नखरे नाहीत. एकच खोड: लांब परांचे मासे दिसले की कुरतडायला जाते. सहा-आठ जणी एकत्र ठेवल्या तर हे कुरतडणं बरंचसं आपापसात राहतं, पण फायटर किंवा एंजल तिच्या टाकीत सोडू नये.

याच माशाची निवड करून करून एक फिकट, जवळजवळ पांढरी जात तयार केली गेली. हा झाला कोरा कागद. त्यावर रंग चढवायचे.

कसे चढवतात? एक पद्धत म्हणजे सुई. प्रत्येक मासा पकडून त्याच्या अंगात रंग टोचायचा. दुसरी म्हणजे बुडवण्याची. आधी दाहक द्रावणात घालून अंगावरचा बुळबुळीत थर उतरवायचा, मग रंगाच्या पाण्यात ठेवायचं. तो बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. बुरशी, जिवाणू आणि पाण्यातल्या क्षारांविरुद्ध माशाचं पहिलं कवच तेच असतं. ते सोलून, त्या उघड्या कातडीवर रंग. यातून जे मरतात ते आपल्याला दिसत नाहीत, कारण दुकानात फक्त वाचलेले येतात.

टेट्राच्या आधी हे एका भारतीय माशाचं झालं. आपल्या नद्या-तळ्यांत एक छोटा, काचेसारखा पारदर्शक मासा असतो, ज्याच्या आत काटा दिसतो. ग्लासफिश. त्याच्या पाठीत फ्लुरोसंट रंग टोचून ‘डिस्को फिश’ म्हणून तो जगभर विकला गेला. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये मत्स्यपालकांच्या एका मासिकाने याविरुद्ध मोहीम उघडली आणि तिथल्या अनेक दुकानांनी रंगवलेले मासे ठेवणं बंद केलं. म्हणजे हे थांबवता येतं. त्याला मासे पाळणाऱ्यांनीच ओरडावं लागतं.

"माशांना कुठे कळतं?" हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळालंय की आता मी थेट ट्राउटची गोष्ट सांगतो. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचून पाहिलं. ट्राउटच्या डोक्यात इजा ओळखणारे चेतातंतू आहेत हे त्यांना आढळलंच, शिवाय टोचलेले मासे अंग डोलवत राहिले, ओठ खड्यांवर घासू लागले, आणि बाकीच्यांपेक्षा खूप उशिराने खायला आले. याला ‘वेदना’ म्हणायचं की आणखी काही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. ओठ खड्यावर घासणारा मासा बघून मला पुरेसं कळतं.

माझ्या भागातल्या एका दुकानात मी विचारलं होतं, हे रंग कसले? "फूड कलर आहे साहेब, काही होत नाही. आणि तीन-चार महिन्यांत उतरतो." दुसरं वाक्य खरं असतं. रंग उतरतो. मग गिऱ्हाईक परत येतं, म्हणतं मासा आजारी पडला, फिका झाला, नवीन द्या. धंद्याच्या दृष्टीने अशी सोय दुसरी नाही. आणि विधवेला रंगीत कपडे दिले म्हणून कुणी आगरकर होत नाही, हेही इथे सांगून टाकतो, कारण हा विनोद मला दुकानात ऐकवला गेलाय.

पण छळाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी माझी तक्रार उरते. टेट्राचा रंग ही बातमी असते. मासा बरा आहे का, घाबरलाय का, पाणी बिघडलंय का, हे तो रंगातून सांगतो. रंगवलेल्या माशाचं हे सांगणंच बंद पाडलेलं असतं.

निऑनचा निळा पट्टा घ्या. तो रंगद्रव्याचा नसतोच. कातडीतल्या पेशींत ग्वानीनच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा-हिरवा तयार होतो. या चकत्या कलतात, व्हेनेशियन ब्लाइंडच्या पट्ट्या दोरीने फिरवाव्यात तशा, आणि रंग बदलतो. रात्री टाकीचा लाइट बंद असताना हळूच बघा, तोच पट्टा मंद जांभळट झालेला असतो. सकाळी लाइट लावला की लगेच झळकत नाही, थोडा वेळ घेतो. नवीन लोक घाबरून फोन करतात की निऑनचा रंग गेला. गेला नाही, मासा झोपेतून उठतोय.

रमीनोजचं तर नाकच मीटर आहे. पाणी चांगलं, मासा निवांत, तर नाक कुंकवासारखं लाल. अमोनिया वाढला, पाणी एकदम बदललं, नाहीतर पिशवीतून नुकताच आणला, की नाक फिकं. माझ्याकडे पाणी तपासायची किट आहे, पण सकाळी मी आधी नाकं बघतो.

आणि लेमन टेट्रा. दुकानात याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उघड्या काचेच्या टाकीत, पांढऱ्या लाइटखाली, खाली ना माती ना झाडं, तो पाण्यासारखाच पारदर्शक दिसतो. त्याला घरी आणा, खाली काळी वाळू, मागे दाट झाडं, आठ-दहा सोबती द्या. काही आठवड्यांत अंगावर लिंबाची झाक येते, डोळ्याची वरची कड लालभडक होते, पोटाखालच्या पराची पुढची कड पिवळीजर्द आणि बाकीचा पर काळ्या किनारीचा. हा रंग विकत मिळत नाही. टाकी नीट ठेवली तर मासा तो देतो.

म्हणून दुकानात सगळ्यात चटकदार दिसणारा मासा आवडता ठरवणं मला मूर्खपणाचं वाटतं. भर लाइटखाली, नुकत्याच झालेल्या प्रवासानंतर मासा फिका असायलाच हवा. तो तिथेही आइस्क्रीमसारखा रंगीत असेल तर शंका घ्या.

आता दुसरा प्रकार, निळ्या लाइटखाली पेटल्यासारखे चमकणारे. यांना टोचलेलं नसतं. जेलीफिश किंवा प्रवाळाचं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात घातलेलं असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. सुरुवात सिंगापूरच्या विद्यापीठात 1999 च्या सुमारास झेब्राफिशवर झाली, अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून ते विकले जाऊ लागले आणि 2012 मध्ये विडोची पाळी आली. इथे सुई नाही, दाह नाही. त्यामुळे छळाचा आरोप मी यांच्यावर करणार नाही, दोन्ही एकाच तराजूत घालणं अप्रामाणिकपणाचं होईल.

इथला प्रश्न वेगळा आहे. जनुकबदल केलेला जीव भारतात आणायला, वाढवायला, विकायला 1989 च्या नियमांनुसार केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. बीटी वांग्यावरून देशभर केवढं रान उठलं होतं! मासा मात्र पॉलिथिनच्या पिशवीत, रबर लावून, बिनबोभाट घरी येतो. ‘शोभेचाच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी ब्राझीलकडे बघावं. तिथे विक्रीला बंदी असूनही मत्स्यपालन केंद्रांतून निसटलेले चमकणारे झेब्राफिश ओढ्यांमध्ये अंडी घालताना संशोधकांना सापडले. ब्राझीलला झेब्राफिश परका आहे. आपल्याला नाही. तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच मासा आहे. चमकणारा झेब्रा इथल्या ओढ्यात सुटला तर त्याला जोडीदार शोधायला लांब जावं लागणार नाही.

यावर ठरलेला टोला येतो: तू तरी काय करतोस? तूही त्यांना काचेच्या डब्यातच कोंडतोस ना?

कोंडतो. हा आक्षेप फालतू नाही, आणि याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण ‘डबा हाच गुन्हा, मग रंगाने काय बिघडतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि मासे पाळण्याचा प्रत्येक मार्ग सारखाच वाईट नसतो. ब्राझीलमध्ये रिओ निग्रोच्या काठावर बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले ‘पियाबेरो’ होडीतून पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलात शिरतात आणि हातजाळ्यांनी कार्डिनल टेट्रा पकडतात. पूर ओसरला की डबक्यांत अडकून यातले कितीतरी मासे एरवीही मरतात, निसर्गात बहुतेक कार्डिनल वर्षभरच जगतात. चांगल्या टाकीत तोच मासा चार-पाच वर्षं काढतो. मासा मिळत राहायचा तर जंगल उभं राहायला हवं, म्हणून तिथल्या माणसाला जंगल तोडण्यात रस नसतो. ‘मासा घ्या, झाड वाचवा’ हे तिथल्या संवर्धन प्रकल्पाचं घोषवाक्यच आहे. गावात दरवर्षी शोभेच्या माशांचा उत्सव होतो, कार्डिनल आणि डिस्कस अशा दोन संघांत गाव विभागलं जातं. एखाद्या माशाच्या मूळ रंगावर अख्खं गाव जगू शकतं, ते असं.

कायद्याकडून फार आशा नको. 1960 चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राण्याला लागू आहे, म्हणजे मासाही त्यात येतो. पण रंगवलेल्या विडोसाठी पोलिस चौकीत तक्रार देऊन बघा. 2017 मध्ये केंद्राने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी वेगळे नियम आणले, आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी मागे घेतले. त्या नियमांत चुका होत्या, विरोधात मुद्देही होते. पण चुका दुरुस्त करून पुन्हा आणावेत असं कुणाला वाटलं नाही.

तेव्हा राहतो तो काउंटर. एकाच टाकीत एकाच आकाराचे, पाच वेगवेगळ्या गोड रंगांचे मासे दिसले, पाठीवर लहानसा शेंडीसारखा मागचा पर दिसला, तर त्या विडो आहेत. फिके, सरबती रंग आणि कडेला डाग असतील तर बहुधा रंगवलेल्या, निळ्या लाइटखाली आरपार पेटत असतील तर बहुधा जनुकवाल्या. ‘कशाने रंगवलंय’ हे मोठ्याने विचारा, दुकानात दोन-चार गिऱ्हाईकं असतील तेव्हाच. मग काळ्या विडो आहेत का विचारा. नसतील तर मागवायला सांगा आणि काही न घेता बाहेर पडा. त्याला हे दिवसातून तीनदा ऐकू आलं तर पुढची ऑर्डर बदलेल. काळी विडो स्वस्तात मिळते. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावतं, त्यात सहा जणी आरामात राहतात. विदर्भात किंवा खानदेशात राहत असाल तर मे महिन्यात टाकीवर छोटा पंखा लावा, पाणी तिशीच्या वर गेलं की त्यांनाही जड जातं.

आणि घरात आधीच गुलाबी विडो असेल, तर तिला दुकानात परत देऊ नका, नदीत तर अजिबात सोडू नका. सोबतीला काळ्या चार-पाच आणून सोडा. त्या तिला आपल्यात घेतात, मासा एकाच जातीचा आहे. रंगवलेली असेल तर काही महिन्यांत गुलाबी उतरेल, खालून पांढुरकी विडो निघेल आणि नीट ठेवलीत तर पुढची तीन-चार वर्षं तशीच राहील.