जेवलास का?

कोरियन कल्चर म्हणजे बीटीएस आणि के-ड्रामा, असं आपल्या होस्टेलचं ठाम मत! पण पुण्यातल्या एका छोट्या कोरियन हॉटेलात आम्ही चौघं गेलो, तेव्हा वेगळंच कळलं. मागवला एक पदार्थ, तर सोबत किमची वगैरेच्या पाच-सहा वाट्या मधोमध आल्या. हे 'बानचान'. ते सगळ्यांचं मिळून असतं, संपलं की पुन्हा वाढतात, वेगळे पैसे नाहीत! वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्यावरच बाकीच्यांनी सुरू करायचं. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची घालायची, ते 'किमजांग'. २०१३ मध्ये युनेस्कोनेही त्याची नोंद घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड लाटतात, तसंच की! आणि खुशाली विचारायची ती "भात खाल्लास का?" असं म्हणून. अगदी आपल्या आजीसारखं.

माझं म्हणणं एवढंच, की हेअरस्टाईल उचलतो तसं हेही उचलू या. आपण मेसमध्ये कानात इअरफोन घालून जेवतो, नाहीतर ताट घेऊन रूमवर पळतो. शेजारच्या रूममधला फर्स्ट इयरचा मुलगा दोन दिवस जेवला नाही, तरी कुणाला पत्ता नसतो. आज त्याचं दार वाजवा आणि विचारा. कोरियन येत नसेल तर मराठीतही चालेल!