कोवळ्या गवताचा धोका

एरंडोलच्या शिवारात कपाशीची वेचणी उरकली की मेंढ्यांचे वाडे उतरतात. उन्हाळाभर पालापाचोळ्यावर निभावलेला कळप पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर तुटून पडतो आणि आंत्रविषाराने धडधाकट मेंढी रातोरात दगावते. पाणथळ कुरणात खूर कुजतात, गोगलगायींमार्फत यकृतकृमी शिरतात. पुढे कुसळी गवत पिकले की कुसळे लोकरीत, तोंडात, डोळ्यांत रुततात. खानदेशातल्या ठेलारी मेंढपाळांना हे सांगायला नको.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीच टोचायला हवी. पण लसीने पोट भरत नाही! अतिचराईत मारवेल, पवन्या ही गवते आधी संपतात, कुसळीच उरते. गायरानांवरची अतिक्रमणे हटवा, चराई आलटूनपालटून होऊ द्या, ही ग्रामपंचायतींना आमची कळकळीची विनंती आहे.