बाळकृष्ण की बालकिशन?

भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतील एखादे मराठी घर घ्या. तेथला ‘बाळकृष्ण’ हिंदी कानाला ‘बालकिशन’ ऐकू येतो आणि शाळेच्या वहीत तसाच उतरतो. पुढे वडिलांच्या पश्चात वारसहक्क सांगताना मुलीला आपण त्यांचीच, हे सिद्ध करावे लागते! केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. सोबत मूळ प्रवेश-अर्ज लागतो. पण तोच चुकला असेल तर? आईवडिलांच्या नावांची दुरुस्ती मागणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी निर्णय दिला, की जन्मदाखला, आधार अशा सार्वजनिक दस्तऐवजांवरूनही मंडळाने अर्ज विचारात घ्यावा. तरीही वाचकहो, नववीच्या नोंदणीचा कागद एकदा स्वतः वाचाच.