बारा गोलांची दुपार

मुलांनो, फुटबॉलच्या सामन्यात गोल होतात तरी किती? दोन, तीन, फार तर पाच. आज मात्र मी तुम्हाला अशा सामन्याला नेणार आहे, की गोल मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत!

तारीख २६ जून १९५४. स्वित्झर्लंडमधलं लोझान शहर. विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना, यजमान स्वित्झर्लंड विरुद्ध शेजारचा ऑस्ट्रिया. समजा, तुम्ही स्वित्झर्लंडच्या बाजूने ओरडायला बसला आहात. देश बर्फाचा, पण त्या दिवशी पारा चाळीस अंशांच्या आसपास गेलेला. आपल्या विदर्भातला मे महिनाच म्हणा ना!

पंधरा मिनिटं काहीच घडत नाही. मग सोळाव्या मिनिटाला बालामान गोल करतो. लगेच ह्यूगी दुसरा मारतो आणि एकोणिसाव्या मिनिटाला तिसराही! ३-०! तुम्ही टोपी हवेत उडवता. सामना जिंकलाच की!

पण थांबा. टोपी खाली येते न येते तोच ऑस्ट्रियाचे जेमतेम तीन मिनिटांत तीन गोल. ३-३! मग आणखी दोन. मध्यंतराला फलक सांगतो, ऑस्ट्रिया ५, स्वित्झर्लंड ४. अर्ध्या सामन्यात नऊ गोल! शेवटी ऑस्ट्रिया ७-५ असा जिंकला. वाग्नर आणि ह्यूगी या दोघांचेही तीन-तीन गोल. विश्वचषकाच्या एका सामन्यात बाराहून जास्त गोल आजवर झालेले नाहीत, बरं का!

आता एक गंमत सांगतो. खरं तर ती गंमत नाहीच. ऑस्ट्रियाचा गोलरक्षक होता कुर्ट श्मीड. त्याला ऊन लागलं. उभं राहणंही जड जात होतं. तुम्ही म्हणाल, "मग दुसरा खेळाडू घ्यायचा की!" पण तेव्हा तसा नियमच नव्हता. विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली ती १९७० साली. म्हणून श्मीड तसाच उभा राहिला. संघाचा मालिशवाला गोलच्या मागे उभा राहून चेंडू कुठून येतोय ते त्याला सांगत होता, असं म्हणतात. त्याने पाच गोल खाल्ले. त्याच्या सोबत्यांनी काय केलं? सात केले!

आता तुमच्या शाळेच्या मैदानावर या. गोलात तुम्ही कोणाला उभं करता? ज्याला पळता येत नाही त्याला, हो ना? आणि गोल झाला की सगळे मिळून ओरडता कोणावर? त्याच्यावरच!

पुढच्या वेळी ओरडण्याआधी एवढंच करा. त्याने किती खाल्ले ते नंतर मोजा. आपण किती केले ते आधी मोजा.